बाग विश्रांतीला, आम्ही नील बेटावर

द्राक्षबाग_तासगाव
३ एप्रिल, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

गेल्या महिन्यात आई, बायको, मुलगी आणि मी असे चौघे अंदमानला जाऊन आलो. आठ दिवसांपैकी पाच दिवस नील नावाच्या एका लहानशा बेटावर काढले. सरकारी नाव २०१८ पासून शहीद द्वीप आहे, पण तिथली माणसं बोलताना नीलच म्हणतात. इथे अधूनमधून कुणीतरी ‘शांत जागा सुचवा’ म्हणून विचारतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बागाईतदाराची पहिली अडचण पैशाची नसते, दिवसांची असते. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की पुढचे चार महिने एक रात्रसुद्धा बाहेर काढता येत नाही. आधी डाऊनी, मग भुरी हे बुरशीचे रोग, मग अवकाळी आला तर मणी तडकायची भीती. मार्चमध्ये माल उतरतो, राहिलेला बेदाण्याच्या शेडवर जातो आणि एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत बागेला विश्रांती द्यावी लागते. वर्षभर ओझं वाहिलेल्या वेलीला ते दिवस मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षी ती फुटत नाही नीट. आमच्या वडिलांनी वेलीची विश्रांती एकदाही चुकवली नाही. स्वतः मात्र पंढरपूर आणि तुळजापूर सोडून कुठे गेले नाहीत. तीन वर्षांपूर्वी ते गेले. यंदा माल वेळेत उतरला तेव्हा ठरवलं, बाग विश्रांतीला असेल तेवढे दिवस आईला घेऊन जायचं.

अंदमानच का, तर आमच्या घरात त्याचं नाव दर वर्षी मे महिन्यात निघतं. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आली की वडील रेडिओचा आवाज वाढवायचे. तिथून आपल्याकडे पाऊस यायला साधारण तीन आठवडे, मग त्या हिशेबानं सगळी कामं लागायची. आईनं ते नाव लग्न होऊन आल्यापासून ऐकलेलं. कुठे जायचं विचारल्यावर तीच म्हणाली, “पाऊस जिथनं निघतो तिथं जाऊया की.”

पुण्याहून चेन्नई आणि चेन्नईहून पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) असं विमानानं गेलो. पहिला दिवस सेल्युलर जेलला दिला. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम चाललेलं, मधल्या मनोऱ्याभोवती सात इमारती होत्या, त्यातल्या आज तीनच उभ्या आहेत. विनायकराव सावरकरांच्या कोठडीपाशी मराठी माणसांची रांगच असते. मला मात्र तिथे त्यांचे थोरले भाऊ बाबाराव जास्त आठवले. धाकट्या भावाच्या आधीपासून ते त्याच तुरुंगात होते आणि त्यांनी शेवटचा श्वास घेतला तो आपल्या सांगलीत, १९४५ साली. कैद्यांना जुंपायचे त्या कोलूपाशी, म्हणजे तेलाच्या घाण्यापाशी, आई बराच वेळ उभी राहिली. तिच्या माहेरी बैलाचा घाणा होता. “हे बैलाचं काम,” एवढंच म्हणाली आणि बाहेर येऊन पायरीवर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीनं नील. जेमतेम दोन तास लागले. जेट्टीवर उतरल्या उतरल्या शेजारीच भरतपूरचा किनारा, पाणी इतकं नितळ की बोटीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसत होती. बेटावरच्या वस्त्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. माळकरी आईला आणखी काय पाहिजे! रिक्षावाल्याला तिनं विचारलंच, शत्रुघ्न कुठे राहिला म्हणून. रिक्षानं अर्ध्या तासात या टोकाचं त्या टोकाला जाता येतं, एवढंच बेट.

आम्ही उतरलो ते एका बंगाली शेतकऱ्याच्या घराशेजारच्या दोन खोल्यांत. आणि आता जे लिहिणार आहे त्यासाठीच खरं तर एवढं टाईप करायला बसलोय.

समुद्र, पांढरी वाळू, नारळ याची तयारी मनात होती. पण खोलीचं मागचं दार उघडलं तर समोर वांग्याचा वाफा! त्याच्या पलीकडे भेंडी, मिरची, काकडीचा मांडव, बांधाला केळी आणि सुपारी. अंदमानातला भाजीपाला बऱ्याच अंशी याच बेटावर पिकतो आणि बोटीनं पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जातो. ही माणसं मूळची पूर्व बंगालची. फाळणीत घरदार सुटलं, निर्वासित म्हणून हिंडले आणि १९६० च्या दशकात सरकारनं त्यांना या बेटावर जंगल तोडून वसवलं. मालकाचे वडील तेव्हा आले. घराच्या मागे खोदलेलं तळं आहे, त्याला ते पुकुर म्हणतात. पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यावर भाजी निघते. पाऊस आपल्या दुष्काळी पट्ट्याच्या पाच-सहा पट पडतो, तरी मार्चमध्ये तो माणूस पुकुरातल्या पाण्याची पातळी काठीनं मोजत होता. मी आपलं शेततळं असंच मोजतो. त्या काठीपाशी आमची ओळख झाली.

आई तर पहिल्याच संध्याकाळी वांगी तोडायला बसली. मालकाच्या आईला हिंदी येत नाही, आमच्या आईला बंगाली येत नाही. दोघी दोन तास बोलत होत्या. नंतर विचारलं काय बोललीस, तर म्हणे, “तिचं गाव सुटलेलं सांगत हुती.”

पहिले दोन दिवस मला बसवत नव्हतं. सकाळी उठून शेडवर फोन, दुपारी फोन, रेंज गेली की जेट्टीपर्यंत चालत जाऊन फोन. रात्री दोनला जाग यायची, कारण थ्री-फेज लाईट रात्रीची असते आणि मोटर चालू करायला उठायची सवय अंगात मुरलेली. दुसऱ्या रात्री असाच उठून किनाऱ्यावर गेलो. अमावास्या जवळ आलेली, पाणी उतरत होतं. ओल्या वाळूवर पाय टाकला की पावलाभोवती निळे कण चमकून विझायचे. समुद्रातले सूक्ष्म जीव असतात ते, हलवलं की उजेड देतात, हे मुलीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मी एकटाच पावलं टाकत राहिलो. थोड्या वेळानं बायको शोधत आली, तिलाही दाखवलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. दोघांनी काहीही न ठरवता, कुणाचा हिशेब न काढता रात्री असं बसणं, मला वाटतं, तेव्हा पहिल्यांदा झालं.

तिसऱ्या दिवसापासून फोन पिशवीत गेला.

तिथला दिवस लवकर सुरू होतो. घड्याळ आपलंच, पण बेट आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, त्यामुळे सूर्य सव्वा तास आधी येतो. मार्चअखेर सव्वापाच-साडेपाचला उजाडायचं आणि संध्याकाळी साडेपाचला मावळायचं. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, मधली दुपार झाडाखाली. किनाऱ्यालगतच्या मोठ्या झाडांना तिथे समुद्र मोहा म्हणतात, सावली गार. त्या सावलीत मी तीन दुपारी झोपलो. संध्याकाळी सातला जेवण आणि नऊला बेट झोपलेलं.

छाटणी ८ तारखेला सुरू होतेय. तोवर काही विचारायचं असेल तर विचारा.

---

पोवईनाका_बाई
४ एप्रिल, सकाळी ७:१५

दादा, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. माझी आई ७१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. बोटीत चढउतार जमेल का? आणि ती पूर्ण शाकाहारी. त्या बाजूला मासळीशिवाय काही मिळतं का? मी शाळेत शिकवते, त्यामुळे मे किंवा दिवाळी एवढेच दिवस हातात असतात.

---

द्राक्षबाग_तासगाव
४ एप्रिल, दुपारी १:०५

ताई, जेट्टी आणि बोट यांच्यामध्ये फळी टाकतात. पाणी उतरलेलं असलं की ती फळी चांगलीच तिरकी होते. बोटीवरची माणसं हाताला धरून घेतात, पण काठी सोबत असू द्या आणि सामान पाठीवर घ्या, म्हणजे तुमचे दोन्ही हात आईसाठी मोकळे राहतात. खोली तळमजल्यावरची मागा. वाळूत चालून गुडघे दुखतात, म्हणून आम्ही आईसाठी प्लास्टिकची खुर्ची थेट पाण्यापर्यंत न्यायचो. ती पाय पाण्यात सोडून तासन् तास बसायची.

जेवणाची काळजी नको. डाळ, भात, भाजी सगळीकडे मिळते. आम्ही भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या नेल्या होत्या, दशम्या पहिल्या दोन दिवसांतच संपल्या. एके दिवशी मालकाच्या घरी केळफुलाची भाजी केली होती. बंगाली लोक ती नारळ घालून जरा गोडसर करतात. आईनं दुसऱ्या दिवशी आपल्या पद्धतीनं केली, हिरवी मिरची आणि भरपूर लसूण घालून. दोन्ही पातेली पुसून निघाली.

---

कोयनाकाठ
४ एप्रिल, रात्री १०:२०

“तिचं गाव सुटलेलं सांगत हुती” इथे थांबलो आणि पुढचं जरा वेळानं वाचलं.

आम्ही मूळचे जावळीच्या खोऱ्यातले. आजोबांचं गाव शिवसागर जलाशयाखाली गेलं, तेही १९६० च्या दशकातच. कोयनेची वीज साऱ्या महाराष्ट्राला मिळाली आणि आमची भावकी सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी चारी दिशांना पांगली. आजी शेवटपर्यंत नवीन गावाला ‘वसाहत’च म्हणायची. त्या बेटावरची म्हातारी तिच्या नवीन जागेला काय म्हणते, हे विचारायला हवं होतं असं वाटून गेलं.

बाकी शांततेसाठी एवढं लांब जायला जमत नसेल त्यांनी त्याच जलाशयाच्या काठच्या बामणोलीहून लाँचनं पलीकडच्या काठाच्या एखाद्या गावात दोन रात्री राहून बघा. समुद्र नाही, पण पाण्यानं वेढलेलं आहे, आणि पाऊस संपता संपता गेलात तर हिरवं इतकं की डोळे निवतात.

---

अजिंक्यतारा_फिरस्ता
५ एप्रिल, सकाळी ११:५०

लेख आवडला, पण एक सांगतो. एवढा खर्च करून अंदमानला जायचं आणि हॅवलॉक बेटावरचा राधानगर किनारा बघायचा नाही? हॅवलॉकला बोटीनं जाता येतं, तिथे स्कूबा (पाण्याखाली डुबकी) आहे, बाराटांग बेटावर चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचे ज्वालामुखी आहेत. पाच दिवस एकाच बेटावर म्हणजे बाकीचं सगळं सोडल्यासारखं झालं. आम्ही सात दिवसांत नऊ ठिकाणं केली.

---

द्राक्षबाग_तासगाव
५ एप्रिल, रात्री ९:००

फिरस्ते भाऊ, राधानगर सुंदरच असणार, कुणीही नाकारणार नाही. पण आमचा हेतू वेगळा होता. नऊ ठिकाणं म्हणजे दर सकाळी बॅग भरणं, बोटीची वेळ, गाडीची वेळ. आमची सगळी हयात वेळा पाळण्यात जाते. औषधाची वेळ, पाण्याची पाळी, गाडी भरायची वेळ. आईला त्यातून बाहेर काढायचं होतं. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, “आज वार कंचा?” तिला वार माहीत नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल. मला तेवढ्यासाठी आख्खा खर्च वसूल वाटला.

तुमचं म्हणणं तरुण मंडळींसाठी बरोबर आहे. मुलीला स्कूबा करायचं होतं, ते राहिलं. तिला पुढच्या वेळी वचन दिलंय.

---

प्रवाळ_कराड
६ एप्रिल, सायंकाळी ६:३०

मी सागरी जीवशास्त्र शिकते, अभ्यासासाठी अंदमानला जाऊन आले आहे. दोन-तीन गोष्टी कळकळीनं सांगायच्या आहेत.

लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिथपर्यंत ओहोटीलाच चालत जाता येतं. जायच्या आधी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त भरतं आणि जास्त उतरतंही, त्यामुळे तेव्हाच्या ओहोटीत खडक लांबवर उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, तेव्हा फारसं उतरत नाही आणि माणसं हिरमुसून परत येतात. भरती दर दिवशी साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, म्हणून काल अमुक वाजता गेलो होतो तर आजही त्याच वेळी जाऊ, असं करू नका.

त्या उघड्या खडकांत जे रंगीत दिसतं ते जिवंत असतं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, लाखो बारीक प्राण्यांनी मिळून बांधलेली वस्ती. काही जाती वर्षाला सेंटीमीटरभरच वाढतात. म्हणजे तुमच्या पायाखाली मोडलेला वीतभर तुकडा कदाचित तुमच्या मुलीच्या वयाचा असेल. २०१० साली समुद्र तापला तेव्हा अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं, २०१६ ला पुन्हा. पाणी तापलं की प्रवाळाच्या शरीरातलं शेवाळ निघून जातं. तेच त्याला अन्न पुरवत असतं, म्हणून ते उपाशी मरतं. जे सावरतंय त्याच्यावर उभं राहून कृपया फोटो काढू नका. मेलेला तुकडा, शंख काहीही पिशवीत टाकू नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

बाराटांगबद्दल. तिकडचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्यानं सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. तो रस्ता त्या पट्ट्यात बंद करावा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००२ सालीच झालाय. माणसं काचेतून माणसांना बघायला जातात हे मला सहन होत नाही. गुहा बघायच्याच असतील तर समुद्रमार्गे जायची सोय शोधा.

---

अजिंक्यतारा_फिरस्ता
६ एप्रिल, रात्री ८:१०

न्यायालयाचं मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही त्याच ताफ्यातून गेलो होतो. पुढे कुणी मला विचारलं तर हे सांगेन. धन्यवाद ताई.

---

मिरज_जंक्शन
७ एप्रिल, दुपारी ३:४५

हंगामाबद्दल माझा अनुभव लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आम्ही स्वस्त मिळालं म्हणून जुलैत गेलो. बुकिंग करणाऱ्यानं “पाऊस थोडा असतो” एवढंच सांगितलेलं. बेटावर पोहोचलो आणि समुद्र खवळला, दोन दिवस बोटी बंद. परतीचं विमान चुकलं, नवीन तिकिटाचा भुर्दंड पडला आणि सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी संपली. बेटावर आरोग्य केंद्र आहे, तिथे गोळी मिळाली, पण दोन रात्री झोप नव्हती.

म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी काहीही झालं तरी पोर्ट ब्लेअरला परत या. औषधं आठ दिवसांची जास्त न्या. जानेवारी ते एप्रिल समुद्र सगळ्यात शांत. दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळं उठतात, त्यामुळे पोवईनाका बाई, दिवाळीपेक्षा मेचा पहिला आठवडा बरा, उकाडा सोसावा लागला तरी.

---

हळद_सांगली
७ एप्रिल, रात्री ९:३०

लक्षद्वीपला कुणी गेलंय का? केरळवरून जवळ पडेल असं वाटतं.

---

मिरज_जंक्शन
७ एप्रिल, रात्री १०:०५

मेव्हणा गेला होता. कोचीहून अगत्तीला विमान आहे, नाहीतर जहाज. बेटं छत्तीस, वस्ती दहांवर, आणि सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. आपल्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढी! आपल्यालाही प्रवेशाचा परवाना काढावाच लागतो, त्यात वेळ जातो, त्यामुळे आयत्या वेळी ठरवून चालत नाही. मेव्हणा म्हणाला, शांतता अंदमानपेक्षाही जास्त. पण तिथे डोंगर-जंगल नाही. सपाट प्रवाळबेटं, नारळ आणि खाजण. हिरवंगार रान हवं असेल तर अंदमानच.

---

पोवईनाका_बाई
१२ मे, सायंकाळी ५:२०

आम्ही जाऊन आलो! १ मे ते ७ मे. उकाडा होता, दुपारी बाहेर पडवत नव्हतं, पण पहाटे सीतापूरला पाणी अगदी तळ्यासारखं. खुर्ची पाण्यापर्यंत नेली, दादा, तुम्ही सांगितलं तसं. आई पाय सोडून बसली आणि लहानपणी पाठ केलेल्या ओव्या म्हणू लागली. मी त्या तिच्या तोंडून कधीच ऐकल्या नव्हत्या. मोबाईलवर घेतल्या आहेत, आता वहीत उतरवतेय.

तुमच्या त्या मालकांकडे जागा नव्हती, शेजारी उतरलो. पण मुद्दाम जाऊन भेटले. तळ्यात पाणी गुडघ्याएवढंच उरलंय, भाजी निम्मी काढून टाकली त्यांनी. त्यांच्या आईला तुमच्या आईचा निरोप दिला. आणि कोयनाकाठ, तुमचा प्रश्न मी विचारला, मुलाकडून भाषांतर करून घेऊन. त्या म्हणाल्या, सासू इथल्या घराला ‘बासा’ म्हणायची आणि मागे राहिलेल्या घराला ‘बाडी’. बासा म्हणजे राहायची जागा, बाडी म्हणजे आपलं घर. त्या स्वतः मात्र आता इथल्यालाच बाडी म्हणतात.

---

कोयनाकाठ
१२ मे, रात्री ११:००

बाई, आमच्यासाठी एवढं केलंत. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आजीचंही असंच होतं, मलाच वसाहत म्हणायची सवय राहिली नाही.

---

द्राक्षबाग_तासगाव
२२ मे, रात्री ८:३०

आज बातमी लागली, मान्सून अंदमानात पोहोचला. आईनं टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला आणि लगेच म्हणाली, “त्येंला फोन लाव.”

लावला. तिकडे कालपासून धो धो आहे, बोटी बंद, आवाज तुटक येत होता. पुकुरात पाणी किती आलं ते त्यांनी सांगितलं, हातभर. आईनं फोन घेतला आणि मराठीत विचारलं, मिरचीची रोपं टाकली का. पलीकडून म्हातारी बंगालीत काहीतरी बराच वेळ बोलली. आई “व्हय, व्हय” करत होती.

आमच्या काड्या चांगल्या फुटल्यात, सबकेनचं, म्हणजे शेंडा मारून पोटफांदी काढायचं, काम निम्मं उरकलंय. पाऊस इकडे यायला अजून तीन आठवडे.